तेहतीस सदरे आणि पाऊण मीटर

मी चौथी शिकलो. पाचवीला नाव घातलं होतं, पण पाचवीची शाळा दोन कोस लांब आणि घरची म्हैस घरात, म्हणून ते नाव नुसतं हजेरीपटावर राहिलं. हे मी लाजून सांगत नाही. माझ्या त्या चौथीत जेवढं गणित होतं तेवढं आता कॉलेजात नसतं, असं मी जन्मभर छातीवर हात ठेवून सांगत आलो. हल्ली तेवढ्या मोठ्यानं सांगत नाही. का सांगत नाही, तेच लिहायचं आहे.

आमच्या गुरुजींनी साधे पाढे तिसरीतच संपवले आणि चौथीत अपूर्णांकाचे लावले. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, मग पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. पोरांच्या दोन रांगा समोरासमोर बसायच्या. एकीनं विचारायचं, दुसरीनं सांगायचं. मला सवायकी सगळ्यात गोड लागायची. सव्वा, अडीच, पावणेचार, पाच. मग सव्वासहा, साडेसात, पावणेनऊ, दहा. दर चौथ्या पायरीला पाय सपाट जमिनीवर पडतो बघा. चुकलं की गुरुजी चिंचेचा फोक पोटरीवर द्यायचे. मला एकदाच बसला, दिडकीत. सात दीड साडेदहा म्हणायच्या जागी मी अकरा म्हणालो. माझ्या पोटरीला ते साडेदहा अजून पाठ आहे.

गुरुजींनी पाढे दिले, पण असं का होतं हे कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे चारचौघांत कबूल करायचं. ही समजूत मी त्या शाळेच्या ओट्यावरून उचलली आणि पुढं कुठंच खाली ठेवली नाही.

सोलापूरला आलो तेव्हा मिसरूड फुटत होतं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात झाडू मारण्यापासून लागलो आणि दहा-बारा वर्षांनी कटिंग मास्तर झालो. कटिंग मास्तर हा कारखान्यातला असा माणूस, की त्याचा हात एकदा चुकला तर शिवणाऱ्या वीस बायका मिळूनही ते सावरू शकत नाहीत. शिवण उसवता येते. कापलेलं जोडता येत नाही.

एका ताग्यातून किती सदरे निघतील, हे कात्री लावायच्या आधी सांगावं लागतं. सदऱ्याला सव्वा मीटर लागत असेल तर ताग्याला सव्वानं भागायचं. कागदावर हे करायला शिकलेली माणसंसुद्धा घाबरतात. माझी रीत सोपी. सगळ्याचे पाव करून टाकायचे. एका मीटरात चार पाव. तागा वीस मीटरचा, म्हणजे ऐंशी पाव. सदऱ्याला पाच पाव. ऐंशीत पाच सोळा वेळा. सोळा सदरे. पाऊण मीटरची चड्डी असली तर त्याच ऐंशीला तिनानं भागा, सव्वीस चड्ड्या आणि वर दोन पाव, म्हणजे अर्धा मीटर कापड शिल्लक. दीड मीटरचा झगा असला तर ताग्याची दुप्पट करा आणि तिनानं भागा. अडीच मीटरचा ड्रेस असला तर दुप्पट करा आणि पाचानं भागा. शेठचं बोलणं संपायच्या आत माझं उत्तर टेबलावर पडलेलं असायचं. मग शेठ गल्ल्यातून कॅल्क्युलेटर काढायचे, बटणं दाबायचे, बघायचे आणि मान हलवायचे. शेठची ती हललेली मान बघून मला दोन भाकरी जास्त जायच्या.

मला एकच मुलगी. तिला मी सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचो आणि वाटेत सवायकी म्हणून घ्यायचो. पहिलीत असताना तिला सवायकी येत होती. तिची आई म्हणायची, "नाक माझं आणि डोस्कं तुमचं." मला ते ऐकायला बरं वाटायचं. पण पोरीला एक खोड होती, ती माझ्यातली नव्हती. ती विचारायची.

पाचवी-सहावीत असेल. दांडीवर बसल्या बसल्या म्हणाली, "आप्पा, वीस भागिले अर्धा चाळीस कसं?"

"चाळीसच की. दुप्पट करायची."

"पण भागल्यावर कमी व्हायला पायजे. वाढलं कसं?"

"वाढतं म्हंजे वाढतं. पाठ कर."

"बाई म्हणतात भागाकार म्हंजे वाटणी. मग अर्ध्या माणसाला कसं वाटायचं?"

"ते तुज्या बाईंनाच इचार."

खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी अर्ध्यानं आणि पाऊणनं भागत होतो, पण वाढतं कसं हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. दोन दिवसांनी तिनंच उत्तर आणलं. दांडीवर बसायच्या आधीच म्हणाली, "आप्पा, कळलं. वाटायचं न्हाईच. मोजायचं. विसात अर्धे किती बसतात, ते मोजायचं. तुमच्या कापडावानी."

"मग मी काय येगळं सांगितलं हुतं?" असं मी म्हणालो. मी काहीच सांगितलं नव्हतं. तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि परत पुढं बघायला लागली.

ती आठवी पास झाली त्या मे महिन्यातली गोष्ट. मे महिन्यात गणवेशाच्या कारखान्यात श्वास घ्यायला वेळ नसतो. जूनला शाळा उघडायच्या, आणि सगळ्यांना सगळं पंधरा दिवसांत पाहिजे असतं. दुपारी ती माझा डबा घेऊन आली. शेठ टेबलापाशी उभे होते. पांढऱ्या सदऱ्याच्या कापडाचा एक सुटा तागा पुढं ढकलून म्हणाले, "मास्तर, बेचाळीस मीटर. सदऱ्याला सव्वा धरा. आज तुमी न्हाई, आज पोरगीला सांगू द्या."

मी ऐकणारा थोडाच. तोंडातून निघूनच गेलं, "तेहतीस. वर पाऊण मीटर कापड उरतंय."

पोरगी डब्याच्या पिशवीवर कागद ठेवून लिहीत होती. तिनं मान वर केली. "तेहतीस पॉइंट सहा."

शेठनी कॅल्क्युलेटर काढला. बटणं दाबली. बघितलं. आणि मान हलवली, पण तिच्याकडं बघून. "मास्तर, पोरगीचं मशीनशी जुळतंय हो. तेहतीस पॉइंट सहा."

ओव्हरलॉकवर बसणारी एक तेलुगू बाई होती, जिभेची लई तिखट. ती मशीन थांबवून म्हणाली, "मास्तर, तुमची बदली झाली म्हणा की. घरातच दुसरा मास्तर तयार झालाय!" सगळ्या बायका हसल्या. वाईट मनानं कोणी हसलं नव्हतं, हे मला आता कळतं. पोरगीही हसली, लाजून. तिला वाटलं असेल बापाला आनंद झाला.

माझ्या कानशिलात मात्र गरम व्हायला लागलं. मी म्हणालो, "पॉइंट सहा म्हंजे साठ सेंटिमीटर. पाऊण म्हंजे पंच्याहत्तर. दोनातलं एकच खरं. बघू कुटलं ते."

तागा टेबलावर उलगडला. काम सोडून उलगडला, ऐन मे महिन्यात. सव्वा-सव्वा मीटरवर खडूनं खुणा करत गेलो, तेहतीस खुणा. मग उरलेल्या तुकड्यावर टेप ताणला आणि पोरीला म्हणालो, "ये हिकडं. वाच. मोठ्यानं वाच."

तिनं वाचलं, "पंच्याहत्तर."

"साठ कुटं हाय?"

ती टेपाकडं बघत होती. मग हातातल्या कागदाकडं. "पण आप्पा..."

"पण न्हाई आन बिन न्हाई. टेप खोटं बोलत न्हाई. तुज्या बाईंनी पंधरा सेंटिमीटर कापड खाल्लं!"

आता बायका माझ्या बाजूनं हसल्या. शेठही हसले. कॅल्क्युलेटर उलटा करून, हलवून बघत म्हणाले, "ह्याचा सेल उतरला वाटतं." ते पॉइंट सहा कशाचे, हे तिथं कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही, शेठलाही नाही. पोरीनं कागदाची घडी घातली, डबा टेबलावर ठेवला आणि गेली. बाहेर ऊन असं होतं की डांबर चिकटावं. मी तिला थांब म्हणालो नाही.

संध्याकाळी गल्लीतल्या ओट्यावर चार माणसं बसलो होतो आणि मी तीच गोष्ट रंगवून सांगत होतो. टेप ताणल्यावर शेठचं तोंड कसं झालं, हे करून दाखवत होतो. मागं बघतो तर पोरगी दारात उभी. हातात वहीचा कागद.

मी म्हणालो, "काय गं? आजून पॉइंट सहा शिल्लक हाय का?"

ओट्यावरची माणसं हसली. तिनं कागद दोनदा दुमडला. म्हणाली, "काय न्हाई. ताट वाढलंय."

जेवताना तिची आई म्हणाली, "पोरगी जेवली न्हाई."

"भूक लागली की जेवंल," मी म्हणालो.

जूनच्या आधी काज-बटणाच्या मशीनवरची बाई बाळंतपणाला गेली. शेठनी विचारलं, कोणी आहे का ओळखीचं. मी म्हणालो, आहे की घरात. चार महिने बसू दे, मग बघू, असं मी बायकोला सांगितलं. मला वाटतं मी तेव्हाच खोटं बोलत होतो, पण ते मला माझंच ऐकू येत नव्हतं. घरात अडचण होती म्हणून मी तिला बसवलं असं नाही. तसं असतं तर आज लिहायला सोपं गेलं असतं. मला तिचं ते शिकणं नको झालं होतं, एवढंच.

शाळा सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी तिच्या गणिताच्या बाई घरी आल्या. सुती साडी, खांद्याला पिशवी, उन्हानं तोंड लाल झालेलं. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मामा, पोरगी हुशार आहे. दहावीपर्यंत तरी काढू नका."

मी त्यांना टेपाची गोष्ट सांगितली. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, पण ते पॉइंट सहा म्हणजे..." आणि पिशवीतून पेन्सिल काढायला लागल्या.

मी म्हणालो, "पेन्सिल राहू द्या बाई. टेप देऊ का?"

"मामा, तसं नसतं ते. दोन मिनिटं ऐका तर खरं."

मी उठलो आणि पायात चपला घातल्या. घरी आलेल्या बाईमाणसापुढून मी उठून गेलो. परत आलो तोवर बाई गेल्या होत्या आणि पोरगी पाण्याचं भांडं विसळत होती. त्या दिवशी तिनं एकदाच विचारलं, "आप्पा, धावीपत्तुर तरी जाऊ द्या की."

"धावी करून काय करणार? पॉइंट सहा?"

मग तिनं परत कधी विचारलं नाही. मला वाटलं पोरगी समजूतदार झाली.

त्या वर्षी तिच्याच शाळेच्या गणवेशाचं काम आमच्याकडं होतं. पांढरे सदरे मी कापले, काजं तिनं केली. मैत्रिणींच्या मापाचे सदरे हातात आले की ती काही बोलत नव्हती. काज संपलं की दोरा तोडायची आणि पुढचा सदरा ओढायची. सहा वर्षं तिनं ते मशीन चालवलं. मग मैंदर्गीला तिचं लग्न करून दिलं. जावई चांगला आहे, शेती बघतो. ती घरी बायकांचे ब्लाऊज शिवते. दिवाळीला यायची, आईजवळ बसायची, माझ्याशी तब्येतीचं, पावसाचं बोलायची. प्रश्न विचारायची नाही. तिची आई गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यानंतर येणं कमी झालं.

आता हे सगळं मला एवढं बारीक आठवायचं कारण म्हणजे साडेतीन पिशव्या.

कारखाना सुटल्यावरही मी घरचं मशीन ठेवलंय. डोळे अधू झालेत, पण पिशव्या शिवण्यापुरतं दिसतं. यंदा संक्रांतीच्या आधी शेजारची वहिनी पडद्याच्या कापडाचा तुकडा घेऊन आली. हळदी-कुंकवाला वाण म्हणून पिशव्या द्यायच्या होत्या तिला.

"मामा, पावणेदोन मीटर हाय. किती निघतील ओ?"

पिशवीला अर्धा मीटर लागतो. मी नेहमीच्या तोऱ्यात म्हणालो, "साडेतीन."

ती हसायला लागली. "आता बया! अर्धी पिशवी कुणाच्या हातात देऊ?"

मीही हसलो. तीन पिशव्या कापल्या. चौथ्या वेळी हातात उरलेला तुकडा घेतला आणि सवयीनं टेप लावला. पंचवीस. पाव मीटर.

मी परत लावला. पंचवीसच. आणि मी तर आत्ताच साडेतीन म्हणालो होतो. वरचा अर्धा म्हणालो होतो. अर्धा म्हणजे पन्नास सेंटिमीटर पाहिजे होते. टेप खोटं बोलत नाही.

वहिनी काहीतरी बोलत होती, ते मला ऐकू आलं नाही. हातातल्या पाव मीटरकडं बघत मी उभा होतो. पाव मीटर म्हणजे अर्धी पिशवी. अर्धा आहे तो पिशवीचा, मीटरचा नव्हे. कापड मोजलं तर पाव, पिशवी मोजली तर अर्धी. दोन्ही खरं. तुकडा तोच.

मग पांढऱ्या सदऱ्याचा तो तुकडा डोळ्यापुढं आला. सव्वा मीटर म्हणजे पाच पाव. उरले होते तीन पाव. पाचातले तीन. म्हणजे सदऱ्याचे दहा भाग केले तर त्यातले सहा. पॉइंट सहा. ते पाच आणि ते तीन जन्मभर माझ्याच तोंडात होते. माझ्याच रीतीनं तिचं उत्तर निघत होतं. मी तिथवर येऊन दर वेळी थांबलो होतो.

वहिनी म्हणाली, "मामा, बरं वाटत न्हाई का? बसा की खाली."

मी बसलो.

चार दिवस घरात फिरत होतो. फोनवर सांगावं असं मनात आलं, पण फोनवर हे कसं सांगणार. भोगीच्या आदल्या दिवशी जुन्या कापडातला एक पांढरा तुकडा काढला, बरोबर सव्वा मीटर कापला, त्यावर खडूनं पावापावावर रेघा ओढल्या, पाच घरं केली. घडी घालून पिशवीत ठेवला आणि सकाळी एसटीत बसलो.

गाडीत माझ्या शेजारी दोन बायका कानडीत भांडत होत्या की बोलत होत्या, कळत नव्हतं. मी मनात वाक्यं जुळवत होतो. चार वाक्यं होती. पोरी, तुझं बरोबर होतं. मला कळलं नव्हतं. मी तुला चारचौघांत हसलो. माझं चुकलं. अक्कलकोट येईपर्यंत शेवटचं वाक्य गळालं. ते म्हणून बघितलं, ओठ हलवून, पण ते माझ्या तोंडाच्या मापाचं नव्हतं. मैंदर्गीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा एकच राहिलं होतं.

ती मशीनवर बसली होती. केस कानापाशी पांढरे झालेत, ते मी त्या दिवशी बघितले. "आप्पा? फोन न्हाई, काय न्हाई! तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी हाय."

तिनं बाजरीची भाकरी, भाजी वाढली. समोर बसून वारा घातल्यासारखं करत राहिली, माशा नसताना. जेवण झाल्यावर मी पिशवीतून कापड काढलं आणि तिच्या मशीनच्या फळीवर पसरलं. पाच घरं. त्यातली दोन घरं मी आत दुमडली. तीन वर राहिली. आता बोलायचं म्हणून घसा साफ केला.

ती कापडाकडं बघत होती. मग हळू म्हणाली, "पाचातले तीन."

मी दुमडलेल्या घरांची घडी बोटानं दाबली.

"पॉइंट सहा," ती म्हणाली आणि हसली. "हे सांगायला आला व्हय एसटीनं?"

"तुजं बरोबर हुतं." ते एक वाक्य निघालं.

"माहीत हाय की."

"तुला कवा कळलं?"

"त्याच दिवशी. घरी जाऊन तुमचीच रीत लावली. बेचाळीसचे चौपट एकशे अडुसष्ट पाव. पाचानं भागलं, तेहतीस, आणि उरले तीन पाव. कापड म्हणून बघितलं तर पाऊण मीटर, सदरा म्हणून बघितलं तर पाचातले तीन. कागदावर काढून आणलं हुतं की तुमच्याकडं."

दारातला तो कागद. दोनदा दुमडलेला.

"मग दाखवला का न्हाईस?"

"तुमी हसत हुता." तिनं कापडावरची खडूची रेघ बोटानं पुसली. "कारखान्यात समदे मला हसले, त्याचं मला काय वाटलं न्हवतं. मला वाटलं, घरी दाखवावं, आप्पांना लई आवडंल. दोघांचं बी बरोबर निघालं म्हणून नाचत आले हुते मी दारापत्तुर."

मी खाली बघत होतो. फरशी शहाबादी होती. एक कोपरा उडालेला होता.

"बाई आल्या हुत्या तवा सांगायचं," मी म्हणालो. आता बोललो तेही तिच्यावरच ढकलणारं. सवय.

"तुमी चपला घातल्या की, आप्पा." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी दाराआड हुते. कागद हातातच हुता. बाईंनी बघितला. म्हणाल्या, हे सगळं बरोबर हाय गं पोरी. म्हणाल्या, तुजे वडील बी बरोबर हायत." तिनं कापडाचा कोपरा सरळ केला. "दोघं बी बरोबर हुतो. आन मी काजाच्या मशीनवर बसले."

बाहेर कोणी तरी तिला हाक मारली, ब्लाऊज झालं का म्हणून. ती उठून गेली, दारातच बोलली, परत आली. मी तसाच बसलो होतो. ते चौथं वाक्य माझ्या घशापर्यंत आलं होतं, खरंच आलं होतं. मी म्हणालो, "पोरी..."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग मला काही बोलू द्यायच्या आत फळीखालून अस्तराच्या कापडाचं बंडल काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "हात चालतोय न्हवं आजून? हे तेवढं कापून द्या. धा मीटर हाय. ब्लाऊजला ऐंशी सेंटिमीटर."

तिनं मला वाचवलं की थांबवलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी कात्री घेतली. दहा मीटर, ऐंशी सेंटिमीटर. उत्तर जिभेवर येऊन बसलं होतं, जन्माची खोड ती. मी ते गिळलं. म्हणालो, "किती निघतील? तूच सांग."

ती मोबाईल शोधायला लागली.

"तोंडी सांग की," मी म्हणालो. "तुला तर..."

"आता न्हाई येत, आप्पा. सवय गेली." कपड्यांच्या ढिगाखाली मोबाईल सापडला. तिनं तो डोळ्यांपासून लांब धरून बटणं दाबली. हे माझ्या सायकलच्या दांडीवर सवायकी म्हणणारं पोर. "बारा पॉइंट पाच."

"पॉइंट पाच काय?"

"अर्धं ब्लाऊज," ती म्हणाली, आणि मशीन चालू केलं.

मी जमिनीवर बसून बारा अस्तरं कापली. सरळ कापली, एकही धार वाकडी नाही. टेप माझ्या गळ्यात होता. शेवटी हातात एक तुकडा उरला. तो मी मोजला नाही. चौघडी करून तिच्या फळीवर ठेवला, त्या पांढऱ्या कापडाशेजारी. तिनं मशीन न थांबवता तो डाव्या हातानं उचलला आणि तुकड्यांच्या डब्यात टाकला.